पियानोशेजारी रॅप : आपला आक्षेप नेमका कशाला?



डिसेंबर आला की बाजारात ओला हरभरा येतो आणि शाळांतून स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होतात. आपल्या वेळी स्नेहसंमेलन म्हणजे एक नाटुकले, एक कोळीनृत्य आणि बाईंनी बसवलेले समूहगीत. आता त्याच्याच पोटात ‘टॅलेंट शो’ असतो. मुलांनी दोघा-तिघांचा गट करायचा आणि स्वतः बसवलेले काहीतरी चार मिनिटांत सादर करायचे. शिक्षक त्यात फार लक्ष घालत नाहीत, म्हणून घरचे घालतात, आणि मग आपल्या महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर चर्चा पेटते.

या वर्षीची चर्चा एका नववीतल्या मुलावरून आहे. घर आपल्यातलेच, खांदेश्वर स्टेशनजवळचे. त्यांची परवानगी घेऊन लिहिते आहे, नाव मात्र लिहीत नाही. मुलगा सहा वर्षे पाश्चात्त्य शास्त्रीय पियानो शिकतो आहे. त्याला बीथोवनची ‘फ्यूर एलीस’ ही रचना वाजवायची आहे आणि तिच्यावर त्याचा वर्गमित्र रॅप म्हणणार आहे. मित्र आगरी आहे, जवळच्याच गावातला. शब्द त्याने स्वतः, आपल्या बोलीत लिहिले आहेत. मुलाच्या आजींचा याला ठाम विरोध आहे. ‘एकटा वाजव, नाहीतर नाव काढून घे,’ असे त्यांचे म्हणणे. सूनबाई मध्ये अडकल्या आहेत. गटावर बहुतेक जणींनी आजींची बाजू घेतली. माझे मत वेगळे आहे आणि ते मोबाईलवर दोन ओळींत मावणारे नाही, म्हणून इथे लिहिते. मुलाला मित्राबरोबर वाजवू द्यावे. का, ते सांगते. कुठे थांबावे, तेही सांगते.

पहिला आक्षेप भेसळीचा. एका ताईंनी लिहिले, ‘शुद्ध तुपात डालडा कशाला?’ वाक्य चटकदार आहे, पण आपल्याच भजनाकडे जरा बघू या. पेटीवाचून आपले भजन उभे राहत नाही. ती पेटी एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये जन्मली. आपल्याकडे आल्यावर तिला बसून वाजवण्याजोगे रूप मिळाले आणि ती कीर्तनात, नाटकात, मंदिरात शिरली. तिच्यावर मींड निघत नाही, आपल्या श्रुती नेमक्या लागत नाहीत, अशा तक्रारी जाणकारांनी केल्या आणि १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. म्हणजे आपल्यातल्या पुष्कळ जणींच्या लहानपणी जे वाद्य रेडिओवर चालत नव्हते, तेच आज आपल्याला सगळ्यात सोवळे वाटते.

आता भजनाची वही उघडा. पदाच्या डोक्यावर कंसात ‘चाल’ लिहिलेली असते आणि तिच्यापुढे बहुतेक वेळा एखादे सिनेमातले गाणे असते. हेही आजकालचे नाही. जुन्या गुजराती जैन रासांत आणि स्तवनांत ढाळीच्या आधी ‘देशी’ नोंदलेली असे, म्हणजे ही ढाळ अमुक लोकगीताच्या चालीवर म्हणावी. मोहनलाल दलीचंद देसाई यांनी ‘जैन गूर्जर कविओ’ या आपल्या मोठ्या ग्रंथात अशा देशींची लांबलचक यादीच दिली आहे. गंमत अशी की कितीतरी लोकगीते विस्मरणात गेली, पण त्यांच्या पहिल्या ओळी आपल्या साधूंच्या हस्तलिखितांत राहिल्या. बाजारातली चाल उचलून तिच्यावर भगवंताचे नाव ठेवायला त्या मुनींना कमीपणा वाटला नाही.

मराठी संगीतातही हेच दिसते. केशवराव भोळे यांनी प्रभातच्या चित्रपटांत पियानो, व्हायोलिन, हवाईयन गिटार ही वाद्ये मराठी चालींच्या साथीला बसवली. त्यांचेच संगीत असलेल्या १९३७ च्या ‘कुंकू’मध्ये शांता आपटे यांनी लाँगफेलोची इंग्रजी कविता गायली. १९६१ च्या ‘छाया’ चित्रपटात सलील चौधरींनी मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीवरून एक द्वंद्वगीत बांधले. तलत आणि लताबाईंचे ते गाणे आपल्यापैकी निम्म्या जणींना पाठ असेल, आणि ते गुणगुणताना आपण कुणी मोझार्टची भेसळ करतो आहोत असे मनातही येत नाही.

राहिला प्रश्न खुद्द फ्यूर एलीस आणि रॅप यांचा. तेही नवे नाही. न्यूयॉर्कच्या नाझ या रॅपरने २००२ च्या आपल्या अल्बममध्ये ‘आय कॅन’ नावाचे गाणे केले, ते याच सुरांवर उभे आहे. त्यात लहान मुलांचा समूहस्वर आहे, आणि सांगणे असे की शिका, मेहनत करा, नशेपासून दूर राहा. बीथोवनने ही रचना १८१० मध्ये लिहिली आणि त्याच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी, १८६७ मध्ये ती छापली गेली. जगभर लाखो मुलांनी ती आजवर वाजवली आहे. खांदेश्वरच्या दोन मुलांनी चार मिनिटे वापरल्याने ती झिजणार नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या.’ सहा वर्षे शिकलेले असे उधळायचे का? मी वाणिज्य शाखेची. भांडवल आणि नफा एका खात्यात लिहायचे नाहीत, हे पहिल्या वर्षीच शिकवतात. सहा वर्षांचा रियाज हे भांडवल. ते मोडून चार मिनिटांची हौस भागवली तर आजींचे बरोबर. म्हणून मी सरळ मुलालाच विचारले, तू नेमके काय करतोस ते मला सांग. त्याने जे सांगितले ते ढोलकी वाजवणाऱ्या आपल्या भगिनींना लगेच कळेल. फ्यूर एलीस तिनाच्या वजनात आहे आणि रॅप चाराच्या. म्हणजे दादऱ्यातले गाणे केरव्यात बसवायचे. नुसते वेगाने वाजवून ते बसत नाही. कुठला सूर लांबवायचा, कुठे मात्रा घालायची, समेवर कोणता शब्द येईल, हे सगळे नव्याने ठरवावे लागते. मुलगा मेट्रोनोमवर मिनिटाला नव्वद ठोके लावून तीन आठवडे नुसता डावा हात घोटत होता. परीक्षेसाठी तो जेवढा बसला नाही तेवढा यासाठी बसला, हे त्याची आईच सांगते. भांडवल मोडल्याची ही लक्षणे नाहीत.

रॅपही ‘नुसती बडबड’ नाही. ज्या मुलांना पाठशाळेत भक्तामर शिकवले आहे त्यांना हे समजावणे सोपे आहे. भक्तामर वसंततिलका वृत्तात आहे. प्रत्येक चरणात चौदा अक्षरे, आणि लघु-गुरू ठरलेले. एक अक्षर इकडे-तिकडे झाले की म्हणणारा अडखळतो. रॅपमध्ये वृत्त इतके बांधलेले नसते, पण ठोक्यावर अक्षर नेमके पडलेच पाहिजे, यमक आतून जुळले पाहिजे आणि श्वास कुठे घ्यायचा ते आधी ठरलेले पाहिजे. मित्राने आपले शब्द कितीदा खोडून लिहिलेत, ती वही मी पाहिली आहे.

आता तिसरा आक्षेप. गटावर तो कुणी उघड लिहिला नाही, पण फोनवर तिघींनी बोलून दाखवला. ‘ते रॅप-बिप वस्तीतले. आपल्या मुलाने कशाला?’ आणि मग आवाज खाली करून, ‘शिवाय तो मुलगा...’ वाक्य तिथेच थांबले.

मागच्या वर्षी आपल्यातल्या एका लग्नाच्या संगीतात न्यू जर्सीहून आलेल्या भाच्याने इंग्रजी रॅप म्हटला. शब्द कुणालाही कळले नाहीत, तरी आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग आक्षेप रॅपला आहे की म्हणणाऱ्याच्या पत्त्याला? आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात आठ मद सांगितले आहेत : ज्ञान, पूजा, कुल, जाती, बल, ऋद्धी, तप आणि शरीर. दशलक्षणात दुसऱ्या दिवशी उत्तम मार्दवावर आपण प्रवचन ऐकतो, ते याच मदांवरचे औषध. पर्वात ऐकलेले डिसेंबरात उपयोगी पडू नये का?

हिप-हॉप वस्तीतून आले हे मात्र खरे आहे. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात एका मुलीने शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे हवेत म्हणून इमारतीच्या सभागृहात पार्टी ठेवली. तिचा भाऊ, कूल हर्क, तिथे तबकड्या वाजवत होता. लोक गाण्यातल्या नुसत्या तालाच्या तुकड्यावर, म्हणजे ‘ब्रेक’वर, जास्त नाचतात हे त्याने हेरले होते. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आळीपाळीने फिरवून तो तेवढाच तुकडा लांबवत राही. हिप-हॉपची सुरुवात इथून मानतात. आपल्या हार्बर लाइनवर, कुर्ल्यात, नेझीने २०१४ मध्ये वडिलांनी दिलेल्या आयपॅडवर आपले पहिले गाणे ध्वनिमुद्रित केले आणि त्याच आयपॅडवर चित्रित केले. पुढे २०१९ चा ‘गली बॉय’ त्याच्या आणि डिव्हाइनच्या आयुष्यावरून सुचला. वाद्य विकत घेणे परवडत नसलेल्या मुलांनी शब्द हेच वाद्य केले. पियानो परवडणाऱ्या घराने त्याला नाके मुरडावीत हे मला शोभेसे वाटत नाही.

आणि आपल्या खांदेश्वरला तर मुळीच शोभत नाही. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. भातशेती गेली, मिठागरे गेली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी आंदोलन केले. १९८४ च्या जानेवारीत उरण भागात गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. आपण सेक्टरचा नंबर सांगतो तिथे कुणाच्या तरी शेताचा बांध होता. मित्राचा रॅप त्याच बांधाबद्दल आहे. आजोबांचे भात, पावसाळ्यात भरणारी खाचरे, खाडीची भरती-ओहोटी, आणि मग आलेल्या इमारती. त्या शेतावर उभ्या राहिलेल्या घरातला मुलगा ते ऐकून त्याच्याशेजारी पियानो वाजवू इच्छितो. याहून चांगले स्नेहसंमेलन कोणते?

इथवर आजींनी शांतपणे ऐकून घेतले होते. मग त्या म्हणाल्या, ‘वहिनी, ते सगळं ठीक. पण त्या गाण्यात चिंबोऱ्या पकडायच्या दोन ओळी आहेत. आपला मुलगा साथ करणार म्हणजे अनुमोदना झाली ना?’

मैत्रिणींनो, हा खरा प्रश्न आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. कृत, कारित, अनुमोदना : स्वतः करणे, करवून घेणे आणि केलेल्याला संमती देणे, तिन्हींनी कर्मबंध होतो हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पियानोची साथ संमतीत मोडते का?

मला असे वाटते. अनुमोदना म्हणजे त्या कृत्याने मनात आनंद होणे, ते चांगले झाले असे वाटणे. घडलेली गोष्ट ऐकणे किंवा सांगणे म्हणजे अनुमोदना नव्हे. नाहीतर आपल्याला प्रथमानुयोग वाचताच येणार नाही. भगवान महावीरांच्या पूर्वभवांत पुरुरवा नावाचा भिल्ल आहे. तो मुनींवर बाण रोखतो, पत्नी त्याला अडवते, आणि मग तो मद्य, मांस, मधाचा त्याग करतो. पुढच्या भवांत सिंहही आहे. पाठशाळेत आपण ही कथा मुलांना सांगतो, तेव्हा शिकारीची बाजू घेत नाही. शिकार वगळून सांगितली तर त्यागाला अर्थच उरत नाही. या मुलाच्या गाण्यातही चिंबोऱ्यांची चव वर्णिलेली नाही. आजोबा खाडीत जात आणि आता खाडीच राहिली नाही, एवढेच आहे. त्याच्या घराची गोष्ट त्याने आपल्या स्वयंपाकघराच्या नियमाने सांगावी अशी अट आपण घालू शकत नाही.

पण नातवाला आजींचे मनही मोडायचे नव्हते. त्याने मित्राशी बोलून उपाय काढला. त्या दोन ओळींना पियानो पूर्ण थांबेल. शब्द एकटे ऐकू येतील आणि मग पुन्हा सूर सुरू होतील. मित्राला ते उलट आवडले, कारण ऐन जागी साथ थांबली की लोक कान टवकारून शब्द ऐकतात, आणि हिप-हॉपमध्ये असे नेहमी करतात. नियम पाळला गेला, मित्राची ओळही शाबूत राहिली. दोन चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना जे सुचले ते आपल्या गटावरच्या दोनशे संदेशांत कुणाला सुचले नव्हते. आजी अजून ‘बघू’ म्हणताहेत. मी हे लिहिते तोवर होकार आलेला नाही.

आता कुठे थांबावे ते. ‘अनेकांत आहे, सगळेच चालते’ असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. अनेकांत म्हणजे वस्तूला अनेक बाजू असतात, म्हणून नीट तपासून बोलावे. काहीही खपवून घ्या असा त्याचा अर्थ नव्हे. रॅपमध्ये शिवीगाळ, बायकांना हिणवणे, नशेची आणि मारामारीची फुशारकी पुष्कळ असते. तिथे माझा नकार स्पष्ट आहे. भाषासमिती आपल्याला हित, मित आणि प्रिय बोलायला सांगते. ज्या शब्दांत यांपैकी काहीच नाही त्यांना बीथोवनची साथ असो की बासरीची, ते शब्द तसेच राहतात. हा नियम सिनेमातल्या गाण्यांनाही लावा. बालवाडीतल्या मुलींना नको त्या गाण्यांवर नाचवताना आपण तो विसरतो.

दुसरे, शाळेचा मंच वेगळा आणि मंदिर वेगळे. णमोकार मंत्र डीजेच्या ठोक्यावर वाजवत मिरवणूक नेणे मला पटत नाही. मंत्राचे काम चित्त स्थिर करणे हे आहे. छाती दडपवणाऱ्या आवाजात ते होत नाही, आणि रस्त्यावरच्या आजाऱ्यांना, तान्ह्या बाळांना, पशुपक्ष्यांना त्रास होतो तो निराळाच. तिथे संगीताच्या प्रकारापेक्षा आवाजाची आणि जागेची मर्यादा महत्त्वाची.

तिसरे, दोन्ही गोष्टी मुलाला मुळातून आल्या पाहिजेत. मूळ रचना सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वच्छ वाजवता येते का, हे आधी बघावे. ती येत नसताना केलेले मिश्रण म्हणजे पाया सोडून कळस. या मुलाला ती येते, म्हणून मी त्याच्या बाजूने बोलते.

ज्यांच्या घरी अशी कुठली तालीम चालू असेल त्यांनी एवढे करून पाहावे. नाही म्हणण्याआधी पूर्ण चार मिनिटे बसून ऐकावे, मध्ये फोन न बघता. शब्द कागदावर लिहून मागावेत आणि वाचावेत. बोलीतला शब्द कळला नाही तर मुलालाच अर्थ विचारावा. खटकणारी जागा असेल तर ‘हे काढ’ म्हणण्याऐवजी ‘इथे काय करता येईल?’ असे विचारावे. आणि तालीम आपल्या घरी होत असेल तर मित्रालाही जेवायला थांबवावे, त्याच पंक्तीत, त्याच ताटात. आपल्याकडची गरम भाकरी आणि ओल्या हरभऱ्याची उसळ त्यालाही आवडेल, आणि जेवता जेवता त्याच्या गावाबद्दल चार गोष्टी आपल्यालाही कळतील. सूर्यास्ताआधी जेवायचे असते हे त्याला आधी सांगून ठेवा, म्हणजे तालीम वेळेवर संपेल.

जय जिनेंद्र.